गिअर म्हाताऱ्यांसाठी असतात, असं म्हणणाऱ्या संपादकाची गोष्ट

चढावर सायकलवरून उतरून ती ढकलत नेणारा कुणी दिसला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "दम संपला वाटतं!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्यामागे एक समजूत असते. चढ चढायचा तो पायातल्या ताकदीवर. सायकल तर सगळ्यांची सारखीच, मग जो चढला तो खरा आणि जो उतरला तो कच्चा.

ही समजूत फक्त आपल्या गावची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका मोठ्या संपादकाची हीच समजूत होती. त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यतही होती. त्यामुळे एक साधी, उपयोगाची वस्तू त्या शर्यतीच्या दारात तीन दशकांहून जास्त काळ अडून राहिली. ती वस्तू म्हणजे सायकलचा गिअर. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. शेवटी आपल्याकडच्या शाळकरी पोरींचा विषय आहे.

आधी थोडं मागे जाऊ.

तुम्ही जुन्या चित्रांत ती उंच सायकल पाहिली असेल. पुढे माणसाच्या छातीएवढं चाक, मागे एक चिमुकलं. तिला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं, म्हणजे पायाचा एक फेरा झाला की चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नाही. आणि चाक किती मोठं? तर पाय पोहोचेल तेवढंच. साधारण 50 ते 60 इंच. उंच माणसाला मोठं चाक, बुटक्याला लहान.

1885 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मधे, आणि तिथून मागच्या चाकाला चेन. आजची सायकल ती हीच. आपल्याला वाटतं या बदलाने सायकल सुरक्षित झाली. ते खरंच आहे, पण आणखी एक गोष्ट झाली. पायाच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जावी, हे आता चाकाच्या उंचीवर अवलंबून राहिलं नाही. ते पुढच्या आणि मागच्या चकतीच्या दात्यांवर ठरू लागलं. पुढे 44 दाते आणि मागे 22 असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे. दाते बदला, सायकलचा स्वभाव बदलतो.

पण मग नवाच पेच उभा राहिला. दाते ठेवायचे किती? पुढची चकती मोठी ठेवली तर सपाटीवर सायकल पळते, पण चढावर पाय दगडात रुतल्यासारखे होतात. लहान ठेवली तर चढ जमतो, पण सपाटीवर पाय गरागरा फिरवूनही गाडी पुढे सरकत नाही. एकाच आकड्यात दोन्ही बसत नाही.

हा पेच ज्याने मनावर घेतला तो माणूस डोंगराळ भागातला होता, यात नवल नाही. त्याचं नाव पॉल द व्हिव्ही. जन्म 1853. राहायला सँ-एतिएन या शहरात. बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती यांसाठी हे शहर प्रसिद्ध, आणि पुढे फ्रान्सच्या सायकल उद्योगाचंही मोठं केंद्र. द व्हिव्हीचा धंदा रेशमाचा. सायकलचं वेड लागलं आणि 1887 मध्ये त्याने सायकलला वाहिलेलं मासिक काढलं, पुढे ते 'ल सिक्लिस्त' या नावाने ओळखलं गेलं. त्यात तो 'वेलोसियो' या टोपणनावाने लिहायचा. लोक त्याला याच नावाने ओळखू लागले. शेवटी रेशमाचा धंदा सोडून त्याने सायकलींचं दुकान थाटलं.

शहराच्या बाहेर पडलं की 'कोल द ला रेपुब्लिक' नावाची खिंड लागते, उंची 1161 मीटर. त्याच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट अशी, की 1889 मध्ये तो या घाटात घामाघूम होऊन चढत असताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक मागून आला आणि आरामात पाईप ओढत त्याला मागे टाकून गेला. संपादकाला असं मागे टाकणारा वाचक मिळणं म्हणजे काय, हे आम्हा लोकांना विचारा!

वेलोसियोने त्यावर चिडून जास्त व्यायाम सुरू केला नाही. त्याने विचार सुरू केला. चढाला एक प्रमाण आणि सपाटीला दुसरं लागतं, तर एकाच सायकलवर दोन्ही का असू नयेत? पहिला प्रयोग अगदी साधा. पुढे एकाला लागून एक अशा दोन चकत्या. चढ आला की खाली उतरायचं, हाताने चेन उचलायची, लहान चकतीवर टाकायची. हात काळे, पण पाय खुश. मग दुसऱ्या बाजूलाही दोन चकत्या बसवून त्याने चार गिअर केले. त्याच्या भोवती जमलेल्या मंडळींनी आणि सँ-एतिएनच्या कारागिरांनी पुढच्या काही वर्षांत चालत्या सायकलवर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा सुधारत नेली. तिचं नाव डिरेलर. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ रुळावरून घसरवणे. आगगाडी रुळावरून घसरली की अपघात, इथे चेन मुद्दाम आणि शिस्तीत घसरवायची.

यात कळीची अडचण कोणती, तेही सांगतो. चकती लहान-मोठी झाली की चेनची लांबी कमी-जास्त लागते. लहान चकतीवर आली की चेन लोंबकळणार. म्हणून स्प्रिंगच्या हातावर एक छोटी दातेरी फिरकी बसवली, ती सैल झालेली चेन ओढून धरते. आज कुठलीही गिअरची सायकल उलटी करून बघा, मागच्या चाकाखाली लोंबणारा तो हात आणि त्यातल्या दोन फिरक्या दिसतील. कल्पना तीच, शंभर वर्षांहून जुनी.

आता या गोष्टीतला दुसरा संपादक येतो.

ऑन्री देग्रांज. जन्म 1865. स्वतः नावाजलेला सायकलपटू. 1893 मध्ये त्याने एका तासात 35 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं होतं, आणि तो या प्रकारातला पहिला नोंदलेला विक्रम मानला जातो. म्हणजे माणूस नुसता बोलघेवडा नव्हता, पाय चालवलेला होता. पुढे तो 'लोतो' या क्रीडा दैनिकाचा संपादक झाला आणि 1903 मध्ये पेपरचा खप वाढवण्यासाठी त्याने टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. पहिल्याच शर्यतीने पेपरचा खप दुपटीहून जास्त वाढवला.

त्याच्या आदल्या वर्षी, 1902 मध्ये, टूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली. हेतू हाच, की गिअरचा खरंच उपयोग होतो का ते रस्त्यावर बघावं. त्यात मार्त एस नावाची एक बाई तीन गिअरची सायकल घेऊन उतरली होती. तिने तो अख्खा डोंगराळ रस्ता पाय जमिनीला न टेकवता पार केला, असं सायकलच्या इतिहासात सांगितलं जातं. त्या काळात एका गिअरवर चालवणारे कसलेले पुरुष अशा घाटांत उतरून चालत.

एवढा ढळढळीत पुरावा समोर आल्यावर देग्रांज काय म्हणाला? त्याच्या लिखाणाचा मतितार्थ असा: हे सगळं पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक आहे. यंत्राच्या युक्तीने जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणं श्रेष्ठ नाही का? आपण मऊ पडत चाललोय. मला आपली एकाच गिअरची सायकल द्या.

(पंचेचाळिशीच्या आसपासच्या माणसाला हे वाचून जरा लागतंच. असो.)

यात लक्षात घ्या, त्याने 'गिअर उपयोगी नाही' असं म्हटलंच नाही. तो म्हणाला, गिअर वापरणं हलकं आहे. मुद्दा यंत्राचा नव्हताच, इभ्रतीचा होता. आणि एखादी गोष्ट बाईने सहज करून दाखवली की ती अचानक सोपी, बायकांची, म्हाताऱ्यांची ठरते, हा अनुभव आपल्या वाचक भगिनींना फ्रान्सला न जाताही असेल.

मग देग्रांजच्या शर्यतीत काय झालं? 1910 मध्ये शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या मोठ्या घाटांत नेली. तूरमाले ही त्यातली खिंड 2115 मीटर उंच, रस्ता कच्चा. एका दिवसाचा टप्पा 326 किलोमीटरचा. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव लापीझ, म्हणजे त्या काळातला अव्वल खेळाडू. तोसुद्धा काही ठिकाणी सायकल ढकलत चालला, आणि वाटेत भेटलेल्या संयोजकांच्या तोंडावर त्यांना खुनी म्हणाला, हा किस्सा प्रसिद्धच आहे. गारिगू नावाच्या खेळाडूने तूरमाले न उतरता चढला म्हणून त्याला 100 फ्रँकचं खास बक्षीस मिळालं. विचार करा, जगातल्या निवडक सायकलपटूंमध्ये 'सायकलवर बसून राहिल्याबद्दल' बक्षीस द्यावं लागत होतं.

टूरच्या खेळाडूंकडे अगदीच काही सोय नव्हती असं नाही. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेन ताणायची, निघायचं. माथ्यावर पोहोचलं की परत तेच. थंडीने बोटं आखडलेली असताना हा खेळ. इटलीचा तुल्यो कॅम्पान्योलो 1927 मध्ये एका बर्फाळ घाटात याच नटांशी झगडत बसला आणि त्यातून त्याला खटक्याने चाक सोडवण्याची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचं सोडा, खटका खरा आहे. आजही चांगल्या सायकलींच्या चाकाला तो छोटा दांडा असतो.

म्हणजे बघा, एकीकडे सँ-एतिएनच्या आसपास साधे प्रवासी सायकलवाले, त्यात वयस्क आले, बायका आल्या, गिअर लावून घाट चढत होते. आणि दुसरीकडे देशातले सगळ्यात ताकदवान पाय रस्त्याच्या कडेला बसून चाकं उलटी करत होते. टूरमध्ये मुख्य संघांच्या खेळाडूंना डिरेलर वापरायला परवानगी मिळाली ती 1937 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी आजारपणामुळे देग्रांजने सूत्रं झाक गोदे याच्याकडे दिली होती. 1937 ची शर्यत जिंकणारा रॉजे लापेबी हा डिरेलरवर टूर जिंकलेला पहिला खेळाडू. वेलोसियो हे बघायला नव्हता. 1930 मध्ये सँ-एतिएनमध्येच ट्रामच्या धक्क्याने तो गेला. त्याच्या स्मरणार्थ त्या खिंडीत स्मारक आहे.

प्रवासी सायकलस्वारांसाठी वेलोसियोने काही नियम सांगितले होते. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, असे साधे. त्यातला शेवटचा माझ्या आवडीचा: निव्वळ अहंकारापोटी पायडल मारू नका.

देग्रांज मूर्ख होता का? अजिबात नाही. तो धंदा जाणणारा पत्रकार होता. त्याला माहीत होतं की वाचकाला कष्ट वाचायला आवडतात. चिखलात माखलेला, रक्ताळलेला, सायकल खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा वीर पहिल्या पानावर विकला जातो. सावकाश, दमाने, पाईप ओढत घाट चढणारा माणूस विकला जात नाही. ज्याच्या पेपरला कष्टांची गोष्ट हवी असते, त्याला कष्ट कमी करणारी वस्तू अडचणीची वाटते. हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त फ्रान्स नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आधी एक रास्त शंका. गिअरची यंत्रणा घासते, ताकद वाया घालवते, एक सरळ चेन केव्हाही चांगली, असं तेव्हाही म्हणत आणि आजही काही जण म्हणतात. यात तथ्य किती?

1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलच्या चेनची कार्यक्षमता मोजली. चांगल्या परिस्थितीत पायडलला दिलेल्या ताकदीपैकी 98.6 टक्क्यांपर्यंत ताकद मागच्या चाकाला पोहोचते, असं दिसलं. प्रतिकूल परिस्थितीत हा आकडा 81 पर्यंतही घसरला. आणखी एक निष्कर्ष मजेदार होता. चकती जितकी मोठी तितकं नुकसान कमी. कारण सरळ आहे. चेनची प्रत्येक कडी चकतीवर चढताना वाकते. 18 दात्यांवर ती 20 अंशांनी वाकते, 11 दात्यांवर जवळपास 33 अंशांनी. वाकणं जास्त, घासणं जास्त. म्हणजे चढासाठी मागे मोठी चकती लावली, तर पायाला आराम मिळतोच, चेनचीही तक्रार कमी होते.

खरी गळती चेनमध्ये नसतेच, ती आपल्या शरीरात असते. आपण खाल्लेल्या अन्नातली जी ऊर्जा पाय वापरतात, तिच्यातली साधारण 20 ते 25 टक्केच पायडलवर काम म्हणून उतरते. बाकीची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. आणि स्नायूची एक खोड आहे. त्याला फार हळू आणि फार जोराने काम करायला लावलं की तो लवकर थकतो. तेवढंच काम मध्यम वेगाने, कमी जोरात करून घेतलं तर तो बराच वेळ साथ देतो. खूप भराभर पाय फिरवण्यातही ऊर्जा वाया जाते, तेही खरं. पण चढावर अडचण भराभर फिरवण्याची नसते, पाय फिरतच नाही ही असते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. गिअर काम कमी करत नाही. 70 किलो वजन घाटमाथ्यावर न्यायचं तर तेवढी ऊर्जा लागणारच, निसर्ग उधारी ठेवत नाही. गिअर फक्त ते ओझं लहान-लहान घासांत वाटून देतो. पोतं एकदम पाठीवर घेण्याऐवजी चार खेपांत नेण्यासारखं.

आता आपली सायकल घेऊ. आपल्या सगळ्यांच्या घरी कधी ना कधी असलेली ती काळी, उंच, 28 इंची चाकाची. तिला साधारण पुढे 44 दाते, मागे 18. पायाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. जुन्या उंच सायकलच्या हिशेबात बोलायचं, तर हे 68 इंची चाक झालं. म्हणजे त्या काळात उंचात उंच माणूस ज्यावर बसायचा, त्याहूनही मोठं. सपाटीवर, वारा पाठीशी असताना हे झकास चालतं.

हीच सायकल आठवी-नववीतल्या एका मुलीला देऊ. मुलगी 45 किलो, सायकल 20 किलो, दप्तर 5 किलो. एकूण 70. रस्त्याला चढ 6 टक्के, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर. घाटात हा चढ काही विशेष नाही. ती चालण्याच्या वेगाने, ताशी 6 किलोमीटरने चढतेय असं धरू. पाय मिनिटाला फक्त 18 फेरे करतील, एका फेऱ्याला तीन सेकंदांहून जास्त. पायडलवर सरासरी 25 किलोचा जोर लागेल. पण पाय पूर्ण फेऱ्यात सारखा जोर लावू शकत नाही. वर-खाली दोन्ही टोकांना तो जवळपास शून्य असतो. म्हणून मधल्या भागात 40 किलोच्या आसपास जोर द्यावा लागतो. म्हणजे जवळजवळ अंगाचं सगळं वजन प्रत्येक पायडलवर टाकायचं, मिनिटाला 36 वेळा. तेही सीटवरून उठून, दप्तरासकट, झोल सांभाळत. पन्नास मीटरवर ती उतरते. उतरणारच.

आता पुढे-मागे सारखेच दाते असलेला गिअर द्या. मुलगी तीच, चढ तोच, वेग तोच. पाय मिनिटाला 45 फेरे करतील आणि सरासरी जोर लागेल 10 किलो. ती गप्पा मारत चढेल.

मुलगी बदलली नाही. तिचा दम बदलला नाही. फक्त दात्यांची संख्या बदलली.

आणि 'सारखेच दाते' म्हणजे काही बायकी लाड नव्हे. आज टूर द फ्रान्समधले खेळाडू, ज्यांच्या मांड्या बघून छाती दडपते, तेही अवघड घाटात पुढे 36 मागे 34 असे जवळपास सारखे दाते लावतात. देग्रांजच्या शर्यतीत वेलोसियो जिंकला तो असा.

सामान्य माणसासाठी दुसरी एक वाट इंग्लंडमध्ये निघाली होती. 1902-03 च्या सुमाराला नॉटिंगहॅममध्ये रॅले कंपनीच्या फ्रँक बोडेन यांनी स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब पुढे आणला. यात सगळी चक्रं मागच्या चाकाच्या डब्यात बंद. चिखल नाही, धूळ नाही, चेन सरळ. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या मॉडेलमध्ये हलका गिअर मधल्यापेक्षा 25 टक्के हलका असे. शर्यतीचा ग्लॅमर त्याला कधी मिळाला नाही, पण कामावर जाणाऱ्या माणसांनी तो लाखोंनी वापरला. पुढे 1960-80 च्या दशकांत जपानी कंपन्यांनी डिरेलर स्वस्त आणि अचूक केला. सनटूरचा 1964 चा तिरका डिरेलर, मग शिमानोचा खटक्या-खटक्याने बदलणारा गिअर, आणि अमेरिकेतल्या डोंगरी सायकलींची लाट. यातून खऱ्या अर्थाने हलके गिअर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले.

आपल्याकडे मात्र काळी सायकल एका गिअरचीच राहिली. दोष देण्यात अर्थ नाही. देशाचा मोठा भाग सपाट, सायकल स्वस्त हवी, आणि दुरुस्ती पिंपळाखालच्या पंक्चरवाल्याकडे व्हायला हवी. त्या हिशेबात ती सायकल नंबर एक. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, डबल सीट, सगळं तिने वाहिलं. पण सपाटीचा हिशेब आपण घाटालाही लावला आणि विसरून गेलो.

आता नंतर येतो म्हणालो होतो तो मुद्दा.

बिहारने 2006 मध्ये शाळकरी मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. तिचा परिणाम कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तपासला. माध्यमिक शाळेतली मुलींची योग्य वयातली पटनोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, आणि मुला-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटली. साध्या सायकलने केलेलं हे काम आहे. देशभर या योजनेचं कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण बिहारचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. गंगेचं मैदान. तिथे एका गिअरची सायकल म्हणजे पंख.

आपल्या राज्यातही गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. चांगलं काम आहे, चालू राहावं. पण सह्याद्रीच्या कुशीतली, सातपुड्यातली, बालाघाटच्या डोंगरातली मुलगी तीच सायकल घेऊन निघते तेव्हा काय होतं? जाताना उतार, येताना चढ, नाहीतर उलट. अर्धा रस्ता ती सायकलवर असते, अर्धा रस्ता सायकल तिच्यावर. काही दिवसांनी सायकल घरी उभी राहते, किंवा भाऊ बाजारात नेतो. मग कुणीतरी म्हणतं, "दिलेली वस्तू वापरत नाहीत."

आणि जी वापरते, तिची बातमी होते. 'रोज घाट तुडवत शाळा गाठणारी जिद्दी कन्या'. फोटो, दोन कॉलम, खाली सत्कार. जिद्द खरीच असते, सत्कारही व्हावा. पण त्या बातमीत तिच्या मागच्या चाकाला दाते किती, हे कुणी विचारत नाही. कष्टांचं कौतुक करता करता ते कमी करायचं राहून जातं. देग्रांजने 1902 मध्ये केलं ते याहून वेगळं नव्हतं. फरक इतकाच की त्याचे वीर पगारी होते.

लगेच सगळ्यांना 21 गिअरच्या सायकली द्या, असं मी म्हणत नाही. स्वस्तातला डिरेलर एका आपटण्यात वाकतो, गावात त्याचा भाग मिळत नाही, बसवणारा मिळत नाही. मग गिअरची सायकल गिअर अडकून एकाच गिअरवर, तेही चुकीच्या, चालते. अशा सायकली तुम्हीही पाहिल्या असतील. पण दोन टोकांच्या मधे बरंच काही आहे.

पहिली गोष्ट, अगदी आजच करता येणारी. मागचं 18 दात्यांचं फ्रीव्हील काढून 22 दात्यांचं टाका. चेन जराशी वाढवावी लागेल. कुठल्याही सायकलवाल्याच्या हातचं काम. पायडलवरचा जोर सुमारे 18 टक्क्यांनी कमी होतो. वर मांडलेल्या हिशेबात 25 किलोचे साधारण 20 किलो. सपाटीवर थोडा वेग जातो, पण शाळेला जायला कुणाला शर्यत जिंकायचीय? फार तीव्र घाट यानेही बसून चढता येणार नाही, पण मधले चढ सुटतील, उतरावं लागणारं अंतर कमी होईल.

दुसरी गोष्ट, सायकली खरेदी करणाऱ्यांसाठी. जिल्हा परिषद असो, नगरपालिका असो, देणगी देणारी संस्था असो. खरेदीच्या अटींत रंग लिहिलेला असतो, कॅरिअर-स्टँड लिहिलेलं असतं, नाव कुठे रंगवायचं तेही लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ वाढवा: डोंगराळ गावांसाठी पुढचे दाते इतके, मागचे इतके. जिथे चढ जास्त आहेत तिथे बंद हबमधल्या तीन गिअरचा विचार करा, आणि सोबत तालुक्यातल्या दोन-तीन सायकल दुरुस्तीवाल्यांना तो खोलायला-बसवायला शिकवा. त्यांचाही धंदा होईल.

तिसरी गोष्ट, तुमच्या-माझ्यासाठी. घरातल्या पोराची-पोरीची सायकल उलटी करा. मागच्या चकतीवर खडूने एक खूण करा आणि दाते मोजा. मग पुढचे मोजा. पुढचे भागिले मागचे. उत्तर अडीचच्या आसपास आलं आणि शाळेच्या वाटेवर चढ असेल, तर पोरगं का कुरकुरतं ते कळेल. आकडे कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव आणि वाटेत चढ कुठे लागतो तेही लिहा. पन्नासेक सायकलींचे आकडे जमले तर मी ते नीट मांडून संबंधितांपर्यंत पोहोचवतो. त्यांच्यापुढे भाषण नेण्यापेक्षा मोजलेले दाते नेलेले बरे.

आणि तोवर, चढावर कुणी सायकल ढकलताना दिसलं तर 'दम संपला का' असं विचारू नका. दाते किती आहेत, ते विचारा.